जरा कंटाळवाणं लिही

५ नोव्हेंबर

ताई,

काल फोन कट झाला तो लाईन गेली म्हणून नाही. मीच कापला. रागावू नकोस, आधी ऐक.

तुझा आवाज कानावर पडला आणि तुझ्या लेकीने, आपल्या सुतारबाईंनी, "आईऽऽ" अशी आरोळी ठोकली की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले. गुडघ्याला गुडघा, टाचा वर, पंजे खाली. बूट निघेनात. मी घामाघूम, ती एकीकडे हसतेय, एकीकडे कळवळतेय. अर्धी संध्याकाळ त्यात गेली. भीती वाटली की पाय आवळतात हे ठाऊक होतं. पण आनंदानेही आवळतात हे तू मला सांगितलं नव्हतंस.

तर यापुढे फोन बंद. तू पत्रं लिही. हसू नकोस, कारण आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते तू निघण्याआधी माझ्यासोबतच ऐकलंस, पण मी ते रोज स्वतःला सांगत असतो. आता रोज पाय ताणायचे, महिन्याभराने इंजेक्शन, मग प्लास्टर. थंडी संपेपर्यंत टाचा जमिनीला टेकल्या तर ठीक, नाहीतर टाचेमागची शीर कापून लांब करायची. तू थंडी संपेपर्यंत तिकडे हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझरचं काम शिकायला गेलीस, भावजी बोटीवर. म्हणजे टाच टेकवायची जबाबदारी कुणाची? प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडलेल्या माणसाची. घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतंच म्हणा.

पहिल्याच दिवशी मी पंजा धरून जोरात वर दाबला. ती रडली, पाय लोखंडासारखा झाला. मी आणखी जोर केला. डॉक्टरांच्या थेरपी सेंटरला गेलो तेव्हा तिथली प्लास्टर करणारी मुलगी मला म्हणाली, "कुस्ती खेळताय का?" मग तिने माझा हात धरून दाखवलं: टाच तळहातात घ्यायची, तळपाय मनगटाच्या वर टेकवायचा, गुडघा सरळ, आणि अगदी सावकाश. झटका दिला की स्नायू आडवा येतो. हळू गेलं की त्याला पत्ता लागत नाही. मग धरून ठेवायचं. बराच वेळ. जितका जास्त तितकं चांगलं.

आता तुझी सुतारबाई बराच वेळ गप्प कशी पडणार? म्हणून पत्र. तू लांबलचक लिही, मी टाच धरून वाचतो. पत्र जेवढं लांब तेवढा ताण.

धाकटा

ता. क. प्लास्टर करणाऱ्या मुलीने माझा हात धरला तो फक्त दाखवण्यासाठी. तू काहीबाही समजशील म्हणून सांगितलं.

१२ नोव्हेंबर

धाकट्या,

मी काही समजलेच नव्हते. आता समजले.

फोन कापलास तेव्हा मी दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडत होते. पत्र वाचलं आणि मोडायची बोटं संपली. तर हे घे, पुढचं मोठ्याने वाच.

माझ्या सुतारपक्ष्या, बुटांच्या टोकांनी फरशीवर टक टक करत तू सकाळी स्वयंपाकघरात यायचीस ना, तसा आवाज इथे येत नाही. इथे मशिनी आहेत. एक मशीन तर इतकं थरथरतं की चालत चालत दारापर्यंत येतं. परवा आमच्या साहेबांची विजार त्यात गेली. बाहेर आली ती तुझ्या बाहुलीच्या मापाची! साहेब म्हणाले, "ही कोणाची?" आणि आमची इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "साहेब, जरा पोट आत घेऊन बघा." सगळ्या बायका चादरीत तोंड खुपसून हसल्या. साहेब अख्खा दिवस कमरेला टॉवेल गुंडाळून हिंडत होते, आणि त्या टॉवेलवर लिहिलं होतं "पाहुण्यांसाठी"…

(पुढे अशीच अजून दोन पानं आहेत. वाच तिला. हसेल पोर.)

ताई

१८ नोव्हेंबर

ताई,

हसली पोर. तीच तर बोंब झाली.

विजार बाहुलीच्या मापाची झाली तेव्हा पहिली लाथ माझ्या हनुवटीवर बसली. "पोट आत घेऊन बघा"ला दोन्ही पाय ताठ. टॉवेलपर्यंत आलो तेव्हा ती धनुष्यासारखी वाकली होती आणि "परत वाच, परत वाच" चाललं होतं. टाच हातातून सुटली ती सुटलीच. दुसऱ्या दिवशी मी पत्राला हात लावला तरी पाय आधीच ताठ, कारण तिला विजार पाठ झाली होती.

ताई, मी हात जोडतो. तू छान लिहितेस. असं छान लिहू नकोस. जरा कंटाळवाणं लिही. ज्यात काही घडत नाही असं. आणि तुझी आठवण येते वगैरे तर अजिबात नको. "आई" शब्द आला की पाय उडतो.

सेंटरला हे सांगितलं तर प्लास्टर करणारी इतकी हसली की तिच्या हातातलं ओलं बँडेज सुकून कडक झालं, आणि त्याचा दोष मला.

सुतारबाई सांगतायत ते लिहितो: "विजार कोणाला दिली?"

धाकटा

२५ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी मला वाईट वाटलं. का ते तुला कळणार नाही. दिवसभर उभी असते तेव्हा एकच विचार असतो, रात्री तिला काय लिहू. आणि तू म्हणतोस आठवणीचं लिहू नको. मला वाटलं, माझ्यावाचून तिचं छान चाललंय आणि तू ते मऊ करून सांगतोयस. खरंच तसं असेल तर सांग. मी ऐकून घेईन.

विजार साहेबांच्या भाच्याला दिली.

आता वाच.

आमच्याकडे पांढऱ्या चादरी येतात. चादर पांढरी असते. ती दोघींनी धरायची. एकीने दोन टोकं, दुसरीने दोन टोकं. मग ती ताणायची. सुरकुती गेली की अर्धी करायची. मग पुन्हा अर्धी. मग जिच्या हातात घडी राहिली तिने ती टेबलावर ठेवायची. मग दुसरी चादर घ्यायची. तीही पांढरी असते. तिचीही दोन टोकं एकीने धरायची…

ताई

३ डिसेंबर

ताई,

तू थोर आहेस! तिसऱ्या चादरीला तिचा पाय सैल पडला. पाचव्या चादरीला मी जवळपास झोपलो. टाच माझ्या तळहातात अशी आली, जशी कोणी आपणहून आणून ठेवली असावी. इतके दिवस मी ती ओढत होतो.

आता आमची रीत बसली आहे. अंघोळीनंतर, पाय गरम असतानाच, चटईवर. खुर्चीच्या पाठीला तुझं पत्र कपड्यांच्या चिमट्याने लावायचं, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले. पान उलटायचं काम तिचं. उजवी मूठ उघडायला तिला वेळ लागतो, पण चादर अर्धी झाली की ती स्वतःच हात पुढे करते आणि म्हणते, "मामा, आता दुसरी येणार. तीपण पांढरी आहे." तुझी पोर त्या चादरींवर तुझ्याइतकाच जीव लावून बसली आहे. तिचं तुझ्यावाचून छान चाललेलं नाही. झोपताना पत्राचा चिमटा हातात घेऊन झोपते. हे मी तुला सांगणार नव्हतो, कारण तू रडशील. रड. तुझे पाय काही आवळत नाहीत.

पुढच्या आठवड्यात इंजेक्शन. पोटरीत. स्नायू काही महिने सैल पडतो म्हणे, तेवढ्यात प्लास्टर घालून टाच खाली आणायची.

आणखी एक. प्लास्टर करणारीला मी विचारलं. म्हणजे थेटच विचारलं, लग्न करशील का म्हणून. आमचं बोलणं तेव्हा जेमतेम तिसऱ्यांदा होत होतं, पण मला राहवेना. ती म्हणाली, "माझे हात ओले आहेत," आणि आत गेली. ताई, याचा अर्थ काय?

धाकटा

२० डिसेंबर

ताई,

इंजेक्शन झालं. रडली थोडी. बाकी ठीक. घाईत आहे. पत्र पाठव.

धाकटा

२८ डिसेंबर

अरे वा! चार ओळी!

ओल्या हातांचा अर्थ विचारायला पान भरून लिहितोस आणि माझ्या लेकीला सुई टोचली त्याला "बाकी ठीक"? प्रेमात पडलास हे कळलं. पड. पण पडताना निदान तिचा पाय हातातून सोडू नकोस. मला माहीत आहे तू कसा आहेस. सायकल शिकताना पेडल मारायच्या आधी हात सोडले होतेस, आणि पुढचा दात अजून अर्धाच आहे.

आणि ओल्या हातांचा अर्थ ओले हात असाच असतो. सुकू दे की.

सोबत उशांचे अभ्रे पाठवते आहे, सात पानं. चादरींपेक्षाही कंटाळवाणे आहेत. लिहिताना मीच दोनदा पेंगले. इंजेक्शननंतर ती कशी उभी राहते ते नीट लिही. खिडकीच्या कट्ट्याला धरून संध्याकाळी उभी राहायची, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ताई

४ जानेवारी

ताई,

ती उभी राहत नाही.

घे, लिहून टाकलं. दोन आठवडे हेच लिहायचं होतं आणि हात धजत नव्हता. इंजेक्शननंतर थोड्या दिवसांनी संध्याकाळी ती खिडकीशी गेली, कट्टा धरला आणि पाय घडी घातल्यासारखे खाली बसले. तिला वाटलं गंमत झाली. पुन्हा धरलं, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "मामा, माझे पाय कुठे गेले?" असं म्हणाली.

मी काय केलं असेल ते तू ओळखलं असशीलच. तिला कडेवर टाकलं आणि सेंटरला जाऊन आरडाओरडा केला. "उभी राहणारी पोर आणली होती, बसवून ठेवलीत!" डॉक्टर ऐकत राहिले. प्रतीक्षेतली सगळी माणसं बघत होती. आणि ताई, माझा आवाज चढला तसे तिचे हात माझ्या गळ्याभोवती आवळत गेले. पाय लुळे होते म्हणून जे काही आवळायचं ते हातांनी.

प्लास्टर करणारी बाहेर आली. तिने आधी पोरीला माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, "हे इंजेक्शनच्या आधी सांगितलं होतं. तुम्ही समोर बसला होतात." मी म्हटलं, कोणी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टर सांगत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

खरं आहे. मी बघत होतो. ती प्लास्टर कालवत होती.

तर जे तेव्हा ऐकलं नाही ते आता ऐकून आलो. ती आजवर उभी राहायची ती पायांच्या जोरावर नाही, कडकपणाच्या जोरावर. तोच तिचा खांब होता. तो आपण सैल केला, तर आता खरी ताकद यायला हवी. बसून उठण्याचा व्यायाम, स्टुलावरून, रोज. येईल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत. नाही आली तर टाचही गेली आणि उभं राहणंही गेलं.

मी तुला आधी कळवलं नाही कारण तू हातातलं टाकून धावत आली असतीस. आता कळवलं. वाटलं तर ये. मी "येऊ नकोस" म्हणणार नाही, ते म्हणण्याचा मला आता हक्क नाही.

धाकटा

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी बॅग भरली. साहेबांना सांगितलंही. स्टँडवर जाऊन गाडीत बसले, खिडकीशी. गाडी सुटायला वेळ होता म्हणून तुझं पत्र पुन्हा काढलं.

"माझे पाय कुठे गेले" तिथे मी परत थांबले. धाकट्या, मी तिला रोज त्या कट्ट्याला उभी केली. शेजारणीला बोलावून दाखवायची, बघा कशी ताठ उभी राहते. मला वाटायचं ती पायांवर उभी आहे. तुला एकट्याला ऐकू आलं नाही असं नाही. मलाही आधी दोन-तीनदा सांगितलं होतं त्यांनी. मी "हो हो" म्हणाले होते.

मग मी विचार केला. मी आज घरात शिरले तर काय होईल? ती ओरडेल, मी ओरडेन, आपण सगळे गळ्यात पडून रडू, आणि परवा सकाळी मला घराजवळच्या जुन्या कामावर, त्याच पाळीला पुन्हा उभं राहावं लागेल. पहाटे निघायचं, ती झोपल्यावर परतायचं. व्यायाम कोण करून घेणार? हे सुपरवायझरचं शिकून आले तर तिथून लवकर सुटेन, दुपारपासून मी तिची. मी गाडीतून उतरले. कंडक्टर म्हणाला, "बाई, विसरलं का काही?" मी म्हटलं, "हो, चादरी."

तुझ्यावर रागावले आहे. ओरडलास म्हणून नाही, एकटाच दोन आठवडे ते घेऊन बसलास म्हणून. पुन्हा असं करायचं नाही. "ठीक" हा शब्द तुला बंद.

आता वाच, सावकाश.

चादर धुतली की ओली असते. ओली चादर जड असते. ती एकीला उचलत नाही. आपण एक टोक उचलायचं. मग थांबायचं. पाणी गळू द्यायचं. सगळं गळेपर्यंत काहीच करायचं नाही. मग दुसरं टोक. पुन्हा थांबायचं. दोरीवर टाकली की ती खाली लोंबते. लोंबू द्यायची. वारा आला तर हलते, नाही आला तर हलत नाही. आज वारा नव्हता…

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

"आज वारा नव्हता" हे आमच्या घरात आता म्हणण्यासारखं झालंय. स्टुलावरून उठताना ती अडली की आपणहून म्हणते, "थांब मामा, पाणी गळू दे." मग श्वास घेते, पुढे वाकते, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणते, आणि उठते. आधी मी काखेत धरायचो. मग कमरेला. आता नुसता हात पुढे धरून उभा असतो, पंगतीत वाढप्याने उभं राहावं तसा.

दोन्ही पायांना प्लास्टर झालं, काढलं, पुन्हा झालं. दर वेळी टाच थोडी खाली. पहिलं लाल होतं, दुसरं तिने हिरवं मागितलं. प्लास्टर घालताना मला तिची टाच धरून बसावं लागतं, आणि बोलायचं असतं काहीतरी कंटाळवाणं. मी चादरी सांगतो. प्लास्टर करणारीलाही त्या पाठ झाल्यात. परवा मी मध्येच विसरलो तर ती बँडेज गुंडाळत म्हणाली, "मग पुन्हा अर्धी करायची."

मी तिला पुन्हा काही विचारलेलं नाही. हे तुला खरं वाटणार नाही, पण नाही विचारलं. काल निघताना तिनेच विचारलं, "त्या दिवशीचं उत्तर नको का?" मी म्हटलं, "हात सुकू देत." ती म्हणाली, "पायाला देता तेवढा वेळ मला द्याल ना?" मी हो म्हटलं. तेवढंच. घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो, बसायचं लक्षातच आलं नाही.

तपासणी पुढच्या आठवड्यात. "ठीक" लिहिणार नाही, जे असेल ते लिहीन.

धाकटा

१६ फेब्रुवारी

ताई,

जे आहे ते असं. उजवी टाच टेकली. पूर्ण, आणि पंजा त्याहूनही थोडा वर वळतो. डावी जेमतेम टेकते, आणि पोर दमली की उचलली जाते. डॉक्टर म्हणाले, सध्या शीर कापायची नाही. रात्री पाय सरळ धरून ठेवणारे स्प्लिंट घालायचे, ताण चालू ठेवायचा, ती वाढेल तशी हाडं लांबतील आणि स्नायू मागे पडेल, म्हणून पुन्हा पुन्हा बघत राहायचं. इंजेक्शनचा असर उतरला की काही कडकपणा परत येईल. पण आता त्याच्याखाली ताकद आहे.

म्हणजे संपलं नाही. पण आत्ता कापायचं नाही. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकलो तर ते म्हणाले, "ओरडणं बरं होतं."

आता नीट ऐक, काम शिकून तू घरी येणार त्याबद्दल.

सुतारबाईंनी ठरवलंय की तुला चालून दाखवायचं. वॉकर घेऊन, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत. टाचा टेकवून. आम्ही रोज सराव करतो. मी आई होतो, ओट्याकडे तोंड करून भांडं घासतो, ती मागून येते. जमतं. पण परवा गंमत म्हणून मी वळून "अगं बाई, माझी लेक!" असं तुझ्या आवाजात ओरडलो, आणि पाय जागच्या जागी कात्री. पडता पडता धरली.

तेव्हा ताई, तू दारात ओरडायचं नाही. धावायचं नाही. मिठी नाही, निदान लगेच नाही. चप्पल काढ, पिशवी ठेव, सरळ स्वयंपाकघरात जा आणि ओट्याशी काहीतरी करत राहा. मागे बघू नकोस. मला माहीत आहे मी काय मागतोय.

आणि एक सांगून ठेवतो, नाहीतर तू चुकशील. तू टक टक ऐकायला थांबशील. ते येणार नाही. बुटांची टोकं आता आधी पडत नाहीत. थप असा आवाज येतो, मग बऱ्याच वेळाने पुन्हा थप. जड पायांचं कोणीतरी म्हातारं माणूस येतंय असं वाटेल. तीच आहे. ती तुझ्या पदराला हात लावेपर्यंत वळू नकोस.

कंटाळवाणी होऊन ये, ताई. तुला जितकं जमेल तितकी.

धाकटा

२२ फेब्रुवारी

सुतारबाईंस,

मी जरा दूध आणायला बाहेर आले आहे. दूध पांढरं असतं. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. आल्यावर ते तापत ठेवायचं आहे, त्यामुळे मी ओट्याशीच असेन आणि माझी पाठ तुझ्याकडे असेल. दूध तापायला वेळ लागतो. मला काही घाई नाही.

आज इथे वारा नव्हता.

आई